माळ्याखालची निळी रेघ

सरांनी आम्हाला जुने ग्रीक तत्त्वज्ञ शिकवले, पण त्यांची नावं काही शिकवली नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या गावांत बसून 'हे सगळं जग मुळात कशाचं झालंय' असं विचारणारी ती मंडळी. अभ्यासक्रमात त्यांना जेमतेम दोन प्रकरणं होती. सर त्यांच्यावर अख्खं वर्ष काढायचे. सगळं पाण्यापासून झालं म्हणणारा तो पाणीवाला. सगळं मुळात हवाच म्हणणारा हवावाला. सगळं सतत जळतंय, वाहतंय, एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही म्हणणारा तो इस्तूवाला, कारण विस्तवाला सर इस्तूच म्हणत. बदल बिदल काही नसतो, जे आहे ते आहेच, असं ठणकावणारा न्हायवाला. आणि वस्तू कापत गेलं की शेवटी न कापला जाणारा कण उरतो म्हणणारा कणवाला.

"नाव पाठ केलं की वाटतं, माणूस कळला," सर म्हणायचे. "गल्लीत येणाऱ्याला आपण काय म्हणतो? दूधवाला, पेपरवाला. तो काय घिऊन येतो ते म्हाईत असतं म्हणून. ह्यांनी काय आणलंय ते बघा आधी."

यावरून एकदा मोठं रामायण झालं. वार्षिक परीक्षेत आम्ही चौदाच्या चौदा जणांनी 'पाणीवाला असे म्हणतो की' अशी उत्तरं लिहिली. बाहेरच्या परीक्षकांनी पेपरांवर लाल शाईत प्रश्नचिन्हं काढून गठ्ठा परत पाठवला. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. आम्ही दाराबाहेर कान लावून उभे. आतून सरांचा आवाज आला, "उत्तरं चुकलीत का तेवढं सांगा." उत्तरं चुकली नव्हती. पुढच्या वर्षीपासून सर शेवटच्या तासाला फळ्यावर सगळी नावं लिहायचे आणि वर्गाला बजावायचे, "ही फक्त परीक्षेपुरती. पेपर सुटला की विसरा." मी तर प्रामाणिकपणे विसरलो.

मला खरं म्हणजे अर्थशास्त्र हवं होतं. तिथल्या जागा भरल्या म्हणून तत्त्वज्ञानात ढकललो गेलो. बाकीचे तेरा जणही असेच ढकललेले. आमचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी. पहिल्या तासाला सर आले ते हातात गुळाचा खडा घेऊन. बारीक चण, पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग. हजेरी नाही, नाव सांगणं नाही. खडा वर धरला.

"हे काय हाय?"

"गूळ."

"गेल्या आठवड्यात काय हुतं?"

"रस."

"त्याच्या आधी?"

"ऊस."

"आणि त्याच्या आधी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी, माती, ऊन."

"मग आता हे पाणी हाय का न्हाय?"

निम्मा वर्ग हाय म्हणाला, निम्मा न्हाय. भांडण चांगलं पंधरा मिनिटं चाललं. सर खिडकीत बसून ऐकत होते. मग त्यांनी खडा टेबलावर आपटून फोडला, प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवला, म्हणाले, "खावा." आम्ही खाल्ला. "आता उद्या सकाळी हा गूळ कोण असंल?" आम्ही गूळ चघळत राहिलो. "तुम्ही असशीला," सर म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःच्या हाताकडे दोन-तीनदा बघितल्याचं मला आठवतं.

त्यांचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दार सदा उघडं. आत पाऊल टाकलं की आधी तांब्याभर पाणी पुढे यायचं. ते प्याल्याशिवाय सर एक शब्द बोलायचे नाहीत आणि बोलू द्यायचे नाहीत. "आधी पाणी पी. मग सांग." विजेचं बिल घेऊन आलेल्यालाही हेच, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यालाही हेच. एकदा मी विचारलं, सर, हे पाणीवाल्याचं का? "न्हाय, माझ्या अव्वाचं," ते म्हणाले. त्यांचं मूळ गाव गडहिंग्लजकडचं, घरात निम्मं कानडी, आईला अव्वा म्हणायचे. "अव्वा म्हणायची, तहानेला माणूस खरं सांगत न्हाय. लवकर सुटायला बघतो."

दरवर्षी सर त्या ग्रीक मंडळींतल्या एकाच्या पक्षात जायचे. पाडव्याला जाहीर व्हायचं, "यंदा मी हवावाल्याकडं." मग वर्षभर त्याचीच बाजू. हवावाल्याच्या वर्षी त्यांनी अख्ख्या वर्गाला तळहातावर फुंकर मारायला लावली. आधी ओठ आवळून, मग तोंड उघडून. आवळली तर गार लागते, सोडली तर गरम. "बघा, हवा एकच, दाबली की गार, सैल सोडली की ऊन. आणखी दाबा, ढग. आणखी दाबा, पाणी. आणखी दाबा, दगूड." चौदा जण हातावर फुंकतायत, आणि व्हरांड्यातून जाणारे दुसरे सर थांबून बघतायत. इस्तूवाल्याच्या वर्षी ते सगळ्यांशी भांडत, कारण भांडण हेच सगळ्याचं मूळ असं त्या माणसाचं म्हणणं. आम्ही घरी गेलो की दारातच सरांच्या बायकोला, काकूंना, हळूच विचारायचो, "काकू, यंदा कोण?"

"पाणी चाललंय, या की बिनघोर," काकू म्हणायच्या. "गेल्या साली आग हुती. भाजीत मीठ कमी पडलं तरी युद्ध."

काकू हसतमुख बाई. तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळत नाही म्हणायच्या, पण सर कुठल्या प्रकरणावर अडलेत ते नेमकं त्यांनाच माहीत असायचं.

प्रकरण म्हणजे पुस्तकाचं. सर तीस वर्षं या मंडळींवर मराठीत पुस्तक लिहीत होते. जाड रेघी वह्या, शाईचं पेन, निळी शाई. बॉलपेनला हात लावायचे नाहीत. त्यानं अक्षर मेल्यासारखं येतं म्हणायचे. वह्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत. लिहिलेलं खोडायचं, समासात नवं लिहायचं, समास भरला की चिठ्ठी डकवायची, हे रोज सकाळी दोन तास. पदवीनंतर मी लक्ष्मीपुरीत टायपिंगचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज, हँडबिलं. दरवर्षी मी सरांना म्हणायचो, द्या वह्या, टाईप करून देतो, एक पैसा घेणार नाही. निदान झेरॉक्स तरी काढून ठेवू.

"टाईप झालं की थांबलं," सर म्हणायचे. "अजून माझं बदलालंय."

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. आमच्या कोल्हापुरी भाषेत सांगायचं तर वही हिसकावून घ्यायला पाहिजे होती. पण सरांच्या वहीला परवानगीशिवाय हात लावायची माझी हिंमत नव्हती.

काकू गेल्या ते वर्ष न्हायवाल्याचं होतं. काही येत नाही, काही जात नाही, असं जोरात सांगण्याचं ते वर्ष. त्यांच्या घराण्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात माती लोटताना सर वाकून हातानं ढेकळं फोडून बारीक करून टाकत होते. कुणी थांबवलं तर थांबेनात. येताना ते माझ्या गाडीवर मागे बसले.  शिवाजी पुलावर म्हणाले, "गाडी घे बाजूला." मी घेतली.

"इतक्या जणांत एकानंबी माती म्हटलं न्हाय," सर म्हणाले. "पाणी म्हटलं, हवा म्हटलं, इस्तू म्हटलं. एक म्हातारा म्हटल्यागत म्हटलाय, पण त्याचं कुणी धरलं न्हाय. माती तर पायाखाली हुती. का म्हटलं नसंल?"

 ते कठड्याला धरून बराच वेळ खाली नदीकडे बघत उभे राहिले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यानंतर त्यांनी नवं प्रकरण सुरू केलं. मातीचं. कुणी माती का म्हटलं नसेल, यावर. त्या वर्षापासून पाडव्याला पक्ष जाहीर व्हायचा बंद झाला. दोन वर्षं ते तेच प्रकरण लिहीत होते आणि आश्चर्य म्हणजे त्यात खाडाखोड करत नव्हते. एकदा त्यांनी त्यातली दोन पानं मला वाचून दाखवली. त्यात तत्त्वज्ञान होतं, आणि काकू सकाळी तुळशीची माती कशी मोकळी करायच्या, तेही होतं. मला वाटलं, हे पुस्तक आता पुरं होणार. सरही पहिल्यांदाच म्हणाले, "हे झालं की घिऊन जा टाईपला."

आता रेघांबद्दल सांगायला हवं. सरांच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटच्या आडव्या रेघा होत्या. नदी घरात आली की, पाणी उतरल्यावर, ते कुठवर आलं होतं तिथे रेघ मारायची आणि शेजारी साल लिहायचं, ही सरांच्या वडिलांची पद्धत. गुडघ्याएवढी एक, कमरेएवढी एक, सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागणारी. घाटाजवळच्या घरांत अशी काहीतरी खूण असतेच. कुठे रंगाची, कुठे खिळ्याची. गगनबावड्याला पाऊस लागून राहिलाय, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, अशा बातम्या आल्या की सगळी गल्ली आपापल्या खुणेकडे बघून सामान हलवते. मागच्या खुणेच्या वर एक हात. तेवढं पुरतं, हे आमचं शास्त्र.

मातीचं प्रकरण संपत आलं होतं त्या वर्षी पाणी वाढायला लागलं तेव्हा सर गडहिंग्लजला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, गेले होते आणि रस्ते बंद झाले. सरांचा फोन आला. घराची एक किल्ली माझ्याकडे असायची.

"ट्रंक माळ्यावर टाक. बाकीचं बुडू दे."

मी गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं. मधल्या खोलीत फळ्यांचा माळा होता, चांगला उंच. शिडी शेजाऱ्यांनी नेलेली. ट्रंक भयंकर जड. टेबलावर कशीबशी चढवली, टेबलावरून लोखंडी कपाटावर ढकलली. कपाट माझ्या डोक्यापेक्षा उंच. आणखी एक माणूस हाताला असता तर माळा गाठता आला असता. बाहेर माणसं होती, हाक मारली असती तर कुणीही आलं असतं. पण माझ्या दुकानात चार संगणक जमिनीवर होते, डोकं तिकडे होतं. मी सगळ्यात वरची रेघ बघितली, कपाट बघितलं. मागच्या रेघेच्या वर दीड हात. दार ओढून घेतलं.

रात्री सरांचा फोन. "टाकली का रं माळ्यावर?"

"टाकली सर."

एवढंच बोललो. खोटं बोलतोय असंही तेव्हा वाटलं नाही. उगाच म्हाताऱ्या माणसाला काळजी कशाला, असं वाटलं.

पाणी त्या रेघेवर थांबलं नाही. आठवडाभर शहराची निम्मी घरं पाण्यात होती आणि जे कधी कुणी बघितलं नव्हतं ते बघायला मिळालं. उतरल्यावर सरांच्या आधी मी घरात शिरलो. चिखल, उलटलेला फ्रीज, आणि कपाटावर ट्रंक, जिथे ठेवली होती तिथेच. पाणी कपाटाच्या वर गेलं होतं. माळा कोरडा होता. माळ्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, काकूंची जुनी तांब्याची भांडी, एक मोडका पाळणा, सगळं जसंच्या तसं. मी ट्रंक खाली ओढली. उघडली तर वह्यांचे लगदे, आणि तळाला निळं पाणी. तीस वर्षांची शाई एकत्र झाली होती. मातीचं प्रकरण सगळ्यात वर ठेवलेलं होतं. त्याची पानं पांढरी निळसर, वाचता येईल असं एक अक्षर नाही.

सर आले तेव्हा मी वह्या ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. ते एकेक उचलून डोळ्याजवळ नेत होते. त्यांना मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढे ढकलत आणलेलं. मी सांगायला तोंड उघडलं.

"थांब," सर म्हणाले. पिशवीतून बाटली काढली. शहरात तेव्हा प्यायच्या पाण्याची मारामार होती, गडहिंग्लजहून भरून आणलेलं ते पाणी. "आधी पाणी पी. मग सांग."

मी प्यालो. आणि म्हणालो, "माळ्यापर्यंत आलं पाणी, सर."

त्यांनी बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाले, "असू दे."

नंतर दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला निळ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश आणायला सांगितलं. भिंती धुतल्या होत्या, चिखलाची खूण गेली होती. सर स्टुलावर चढले. मी स्टूल धरून उभा. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून ते तळहात भिंतीवर फिरवत होते. खालून वर, हळूहळू. ओल संपून कोरडी भिंत लागते ती जागा शोधत होते. कपाटाच्या वर गेले. हात थांबला. पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. तिथेच थांबला. त्या हाताच्या वर माळ्याच्या फळीपर्यंत चांगली हातभर भिंत कोरडी होती.

मी स्टूल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. सरांनी रेघ मारली. साल लिहिलं. खाली उतरले.

"ओलीनं कोरड्याची जागा घेतलीय," ते म्हणाले. "परत दिईल. टाईम लागंल. डबा झाक, न्हायतर रंग वाळंल."

हे त्या ग्रीक मंडळींतल्याच एकाचं म्हणणं. त्याला सर अथांगवाला म्हणत. ज्यानं दुसऱ्याची जागा बळकावली त्याला ती वेळ आली की परत द्यावीच लागते, उन्हाळ्याला थंडीची, ओलीला कोरडीची. मला वाटलं ते भिंतीबद्दल बोलतायत. म्हणजे, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. त्यांना दिसत नाही, माळा केवढा वर आहे ते लक्षात आलं नसेल, असं मी स्वतःला पुढची दोन वर्षं सांगत राहिलो.

वह्या गेल्यावर सर आता अंथरूण धरणार असं सगळ्यांना वाटलं. पण एका रविवारी ते दुकानात आले ते नवी वही आणि बॉलपेन घेऊन. बॉलपेन! मी पाण्याचा ग्लास पुढे केला. प्याले आणि म्हणाले, "त्या सगळ्यांची पुस्तकं गेली. एकाचंबी धड न्हाय उरलं. दुसऱ्या कुणीकुणी आपल्या पुस्तकांत मधेच लिवून ठेवलं, हा असं म्हणायचा, तो तसं म्हणायचा. तेवढ्या तुकड्यांवर मी तीस वर्सं काढली. आता माझंबी तसंच करायचं. चल."

"कुठं?"

"पोरांकडं. कुणाला काय आठवतंय ते गोळा करायचं. त्यांनी सांगायचं, तू लिवायचं. मला दिसत न्हाय."

मग दर रविवारी आम्ही निघायचो. 'पोरं' म्हणजे सरांचे जुने विद्यार्थी, आता चाळिशी-पन्नाशीचे. सलीमची बेकरी आहे. सर भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले. सलीमनं आधी पाणी आणलं, न सांगता. मग म्हणाला, "सर, मला बाकी काय न्हाय आठवत. हातावर फुंकायला लावलंतं तेवढं हाय ध्यानात. कणीक फुगाय लागली की मी अजून म्हणतो, आला हवावाला."

"कोण म्हणतं?"

"मीच की. कामाला असलेले समदे म्हणत्यात आता."

"लिव," सर मला म्हणाले.

शोभाची राजारामपुरीत पिठाची गिरण आहे. ती पदराला हात पुसत बाहेर आली, सरांच्या पाया पडली. "सर, तुम्ही सांगितलंतं, पीठ कितीबी बारीक काढा, शेवटाला एक दाणा राहतोच, तो कुठल्या जात्यात दळत न्हाय. गिऱ्हाईक वरडलं की मला तेच आठवतं. म्हंते, माझ्या आत एक दाणा हाय, हे काय दळत न्हाय."

सर थबकले. "हे मी म्हटलंतं?"

"व्हय की."

"कणवाल्याचं सांगितलंतं मी. पण गिरणीचं न्हाय म्हटलं कवा."

"मग मी म्हटलं आसंल, सर."

सर हसले. त्या पुरानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. "लिव. तिच्या नावानं लिव."

आजऱ्याला काजूच्या कारखान्यात असलेला एक, मलकापुरात किराणा दुकान चालवणारा एक, असे दोन वर्षांत तीसेक जण झाले. कुणी पाणीवाल्याचं इस्तूवाल्याच्या नावावर खपवलं होतं, कुणाला फक्त गुळाची चव आठवत होती. सरांनी एकाचंही दुरुस्त केलं नाही. ज्यांनी तीस वर्षं एकेक वाक्य खोडून पुन्हा लिहिलं तेच हे सर आता चुकीचं बोललेलंही जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगत होते. मातीच्या प्रकरणाबद्दल मात्र कुणालाच काही माहीत असायचं कारण नव्हतं. ते काकूंनंतरचं. त्यातली दोन पानं ऐकलेला जगात एकटा मीच.

मी म्हणायचो, "सर, माझं लिहू का?"

"तुझं शेवटी," सर म्हणायचे. दर वेळी तेच. मला तो मान वाटायचा.

गेल्या वर्षी श्रावणात ते पडूनच होते. अक्का येऊन राहिल्या होत्या. मधल्या खोलीत, त्याच भिंतीला लागून पलंग. मी संध्याकाळी गेलो. अक्कांनी तांब्या आणून ठेवला आणि आत गेल्या. सरांनी वही मागितली. चाचपून शेवटचं पान काढलं. कोरं होतं.

"आता तुझं."

मी तांब्याला हात लावला नाही. समोर रेघ होती. दोन वर्षं मी त्या खोलीत बसताना भिंतीकडे पाठ करून बसत होतो. त्या दिवशी खुर्ची तशी ठेवलेली नव्हती. माझ्या तोंडून एकदम निघालं, "सर, ट्रंक माळ्यावर नव्हती. कपाटावर होती. मी खोटं बोललो. मला माणूस मिळाला असता, मी हाक मारली नाही. सगळं माझ्यामुळं गेलं."

सर छताकडे बघत होते. "रेघ कुणी मारली?"

"तुम्ही."

"मग मला ठाऊक नसंल व्हय?"

मला रडू आवरेना. चाळिशी उलटलेला माणूस मी, हुंदके देऊन रडत होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. अक्का दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

"का बोलला नाहीत, सर? एकदा तरी शिव्या घालायच्या."

"घालणार हुतो," सर म्हणाले. हळू बोलत होते, मधे थांबत. "स्टुलावर हुतो तवाच तोंडात आलतं. मातीचं परत लिवायला माझ्याकडं ती बाई न्हाय, टाईमबी न्हाय. लई राग आलता तुझा. पण म्हटलं, बोललो तर हा यायचा बंद हुईल. पुस्तक तर गेलंच हुतं. तूबी गेला असतास."

मग त्यांनी चाचपडत तांब्या धरला आणि माझ्याकडे सरकवला. "आधी पाणी पी. मग सांग."

मी प्यालो. ऐकलेल्या त्या दोन पानांतलं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. तुळशीची माती मोकळी करणारी काकूंची बोटं, आणि सरांचं एक वाक्य: सगळं जिथं परत ठेवायचं त्याला कुणी सुरुवात म्हणत नाही, म्हणून मातीचं नाव कुणी घेतलं नसेल. शब्द तेच होते का, मला सांगता येत नव्हतं. सरांनी विचारलंही नाही. त्यांनी माझ्या हातातून बॉलपेन घेतलं आणि ते वाक्य, मी सांगितलं तसंच, स्वतः लिहिलं. त्या वहीतलं सगळं माझ्या अक्षरात आहे, हे एकच वाक्य त्यांच्या. ओळ तिरकी गेलीय, दोन शब्द एकमेकांवर चढलेत. खाली त्यांनी माझं नाव लिहिलं.

आठ दिवसांनी सर गेले. त्यांना काकूंच्या शेजारी पुरलं. ढेकळं मी फोडली.

वही माझ्या दुकानात आहे. टाईप करून झालीय, प्रती काढल्यात, सलीमला दिली, शोभाला दिली. शेवटचं पान मी टाईप केलेलं नाही. अधूनमधून ओलं बोट त्या अक्षरांवर फिरवून बघतो. बॉलपेनचं आहे ते, पुसलं जात नाही.